पार्किंगमधली मावशी

आमच्या घरी सोफ्यावर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं, आणि ते बाबांनी ठरवलं होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये बाबा एरवी काहीच ठरवत नसत. भाजी कुठली, पडदे कुठल्या रंगाचे, सुट्टीत कुणाकडे जायचं, हे सगळं आईचं खातं. पण टीव्हीवर सामना लागला की घराचा कारभार बाबांकडे जायचा. सोफ्याचा डावा कोपरा त्यांचा. उजवा आईचा, आणि तिनेही टेकून बसायचं नाही, पुढे सरकून बसायचं, कारण कधी काळी ती तशी बसलेली असताना भारत जिंकला होता. मी खाली कार्पेटवर, खिडकीजवळ. सामना चांगला चालला असेल तर कुणी जागा सोडायची नाही, पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही. बाबा मूळचे सांगलीचे. त्यांच्या लहानपणी रेडिओवर कसोटी सामना लागला होता आणि विकेट काही पडत नव्हती. त्यांचे एक काका बाथरूममध्ये गेले आणि विकेट पडली. मग त्या काकांना दिवसभर तिथेच बसवून ठेवलं, चहाही दाराबाहेर ठेवला. ही गोष्ट बाबा दर मोसमात एकदा सांगायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो. काकांना तिथे बसून काय वाटलं असेल, असं आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

अमेरिकेत आल्यावर क्रिकेट सुटलं. पाहायचं तर डिश हवी, आणि सामने नको त्या वेळी. बाबांना ऑफिसातून कुणीतरी बेसबॉलचं तिकीट दिलं, ते मला घेऊन गेले आणि तीन तास कुरकुरत बसले की याला काय खेळ म्हणायचं, बॅट गोल, धावायचं चौकोनात, आणि चेंडू मारला तर बॅट टाकून पळायचं. पुढच्या महिन्यात ते स्वतः तिकीट काढून आले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. शाळेत मला फारसं कुणी विचारत नव्हतं, पण आमच्या गावच्या टीममधल्या प्रत्येक पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, अख्खं चरित्र मला पाठ होतं, आणि त्या बळावर मी जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या टेबलावर बसू शकत होते. मी ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे त्यात आमची टीम जिंकतच सुटली होती. घरात गाडीला, खिडकीला, फ्रिजला टीमचे झेंडे. एका महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी आईने सहज सांबारवडी केली आणि आम्ही जिंकलो, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या सामन्याला सांबारवडी. आईचं माहेर नागपूरचं, तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मेक्सिकन दुकानातून ती जुड्याच्या जुड्या आणायची, आणि वड्या तळायला घेतल्या की स्वयंपाकघराबाहेरचा धुराचा अलार्म कोकलायला लागायचा. मग मी खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालायचे. आजही तळणाचा वास आला की माझे कान त्या अलार्मची वाट बघतात.

त्याच वसंतात वैजूमावशी आमच्याकडे राहायला आली. वैजयंती, आईची धाकटी बहीण. बॉथेलमधल्या एका बायोटेक कंपनीत तिला नोकरी मिळाली होती. तिथे ती काचेच्या बशांत पेशी वाढवते, एवढंच मला कळलं होतं. ती माझ्या खोलीत गादी घालून झोपायची. तिच्या हातांना लॅबच्या हातमोज्यांचा पिठूळ वास यायचा. सफरचंद कापलं तर आठ फोडी अगदी सारख्या. हसताना तोंडावर हात. आणि एक सवय होती तिला: कुठल्याही खोलीत शिरताना ती आधी दारातून ‘आले गं मी’ म्हणायची, घरातल्या घरात, स्वयंपाकघरात येतानासुद्धा. मला त्याची गंमत वाटायची. तिचं लग्न मला पुसटसं आठवत होतं, कारण तिने स्वतःच्या केसांतली वेणी काढून मला माळली होती. अकरा महिन्यांनी शेखरकाका स्कूटरच्या अपघातात गेले. या विषयावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. पण आईला भारतात फोन लावला की मोठ्यांदा बोलायची सवय होती, कॉलिंग कार्डाची मिनिटं संपायच्या आत सगळं सांगायचं असायचं, आणि भिंती पातळ. मावशीच्या सासूने भर लोकांत तिला पांढऱ्या पायाची म्हटलं, घरात आली आणि माझा मुलगा गेला असं म्हणाली, पुढे हळदीकुंकवाला, बारशाला तिला कुणी बोलवेना, म्हणून पोर इतक्या लांब आली, हे सगळं आई नागपूरच्या आत्येबहिणीला सांगत होती आणि मी पलीकडे गृहपाठ करत होते. नंतर बरीच वर्षं मी लोकांना सांगत आले की मला यातलं काही माहीत नव्हतं, मी लहान होते. इथे ते खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. मला माहीत होतं.

बेसबॉल मावशीला मी शिकवला. ती माझ्याहून बरी विद्यार्थिनी निघाली. लॅबमधल्यासारखी एक जाड पुठ्ठ्याची वही आणून तिने त्यात रकाने आखले: इनिंग, बॅटर, काय झालं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बाबा खूश. म्हणाले, घरात एकतरी माणूस डोक्याने सामना बघणारं आलं. तिच्यासाठी सोफ्याच्या मधली जागाही त्यांनी ठरवून टाकली. पण ती कामावरून साडेपाचला यायची, आणि पूर्वेकडच्या शहरांतले सामने आमच्याकडे चार-पाचलाच सुरू होत. सप्टेंबरात एकदा आमची टीम पुढे होती, मावशी ‘आले गं मी’ म्हणत आत आली, आणि समोरच्यांनी चार रन काढले. पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्यांदा मी कार्पेटवरून मान वळवून म्हणाले, मावशी, तू पनवती आहेस. हा शब्द मी शाळेच्या बसमधल्या देशी मुलांकडून उचलला होता. ज्याच्या येण्याने आपण हरतो तो पनवती. बाबांनी मला दटावलं. आई तळणात होती, तिने ऐकलं नाही. मावशी तोंडावर हात ठेवून हसली, आणि आता मला कळतं की त्या वेळी तिने हात जरा लवकरच नेला होता.

प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले. पहिल्याच सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीने मला विचारलं, उद्या मी उशिरा वर आले तर चालेल ना? चालेल म्हणजे काय, मला हवंच होतं. मी म्हणाले, तू खाली गाडीत रेडिओवर ऐकशील का? ती म्हणाली, ऐकते की, वही आहेच. आईला तिने सांगितलं की या आठवड्यात लॅबमध्ये काम वाढलंय. अशी ती साडेपाचला यायची, पार्किंगमध्ये आमच्या खिडकीखाली तिची जुनी करडी गाडी लावायची आणि आत बसून राहायची. ऑक्टोबरातला बारीक पाऊस, अधूनमधून वायपर एकदा फिरून थांबायचा. हे फक्त मला दिसायचं, कारण खिडकीजवळची जागा माझी होती आणि बाकीचे जागा सोडत नव्हते. सामना संपला की दहा मिनिटं थांबून ती वर यायची, दारात ‘आले गं मी’ म्हणायची, आणि आई गार झालेल्या वड्या तिच्यासाठी परत गरम करायची. आम्ही जिंकत गेलो. मला वाईट वाटत होतं का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. नव्हतं वाटत. उलट आमच्या दोघींचं एक गुपित आहे याचा मला अभिमान होता.

आमच्या भागातल्या एका छोट्या दैनिकाने तेव्हा वाचकांना आवाहन केलं: टीम जिंकावी म्हणून तुम्ही घरी काय काय करता ते कळवा. लोकांनी न धुतलेल्या मोज्यांबद्दल आणि कुत्र्याला घातलेल्या टीमच्या शर्टाबद्दल लिहिलं. मी बाबांचा डावा कोपरा, आईची सांबारवडी आणि गाडीत बसणारी मावशी यांच्याबद्दल लिहिलं. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा फोन वाजत होता. त्या दैनिकाची वार्ताहर होती. आवाज गोड, आणि ती मला काहीतरी विचारत होती, जे त्या वर्षात शाळेत कुणी केलं नव्हतं. सोफ्याचं ऐकून ती हसली, वड्यांचं ऐकून हसली. मावशीचं ऐकल्यावर म्हणाली, हे फार छान आहे, ही तुमच्याकडची पद्धत आहे का? मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी तिला समजावून सांगायला लागले की हो, आमच्याकडे काही माणसांना पांढऱ्या पायाची म्हणतात, ती आली की वाईट घडतं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. तो थांबला, तिचं लक्ष उडालं असं मला वाटलं, आणि मी म्हणाले की माझ्या मावशीचा नवरा लग्नाला वर्ष व्हायच्या आत वारला, तेव्हापासून तिच्या सासरचे तसं म्हणतात. ती ‘ओ माय’ म्हणाली आणि टाइप करणं पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, जमलं.

लहान होतीस, असं माझा नवरा म्हणतो, माझ्या मैत्रिणी म्हणतात. मला त्याचा राग येतो. त्या फोनवर मी जे केलं ते लहान मुलाचं नव्हतं. माझी गोष्ट फिकी पडते आहे हे मला कळलं आणि ती रंगवायला माझ्याकडे काय आहे हेही मला कळलं. चौदाव्या वर्षी माणसाला एवढं पुरेसं कळतं.

शुक्रवारी दुपारी फोटोग्राफर आला. आई डे-केअरमध्ये कामावर, बाबा ऑफिसात. मी गळ घातल्यामुळे मावशी लॅबमधून लवकर आली होती. तिला वाटलं होतं की घरातल्या गमतीजमतींबद्दल काहीतरी येणार आहे. तिने केस विंचरले, नवे कानातले घातले, आणि फोटोग्राफरने सांगितलं तशी गाडीत जाऊन स्टीअरिंगवर वही ठेवून बसली. काचेवर पावसाचे थेंब होते, ते त्याला फार आवडले. मी बाहेर टीमची टोपी घालून गाडीकडे बोट दाखवत उभी. मावशीने काच दोन बोटं खाली करून मला विचारलं, हसू का गं? मी म्हणाले, हस.

रविवारच्या अंकात ते छापून आलं, आणि त्याच दुपारी एक वाजता असा सामना होता की हरलो तर मोसम संपला. बाबा सकाळी सातला पेट्रोल पंपावर जाऊन सहा अंक घेऊन आले. आईने पोहे केले होते. आम्ही चौघं टेबलाशी बसलो, मावशी सगळ्यांच्या पोह्यांवर लिंबू पिळत होती, आणि बाबांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. त्यांच्या कोपऱ्याचा उल्लेख आला तेव्हा ते थांबून आमच्याकडे बघून हसले. वड्यांच्या धुराबद्दल वाचताना आई लाजली. मग गाडीचा भाग आला. आईने मान वर करून मावशीकडे पाहिलं, लॅबमध्ये काम होतं ना तुला, असं म्हणाली, पण बाबा वाचण्याच्या भरात होते. त्यांनी पुढचं वाक्य अर्धं वाचलं, ज्यात भारतात अशा बाईचे पाय पांढरे असल्याचं मानतात असं रेवती, म्हणजे मी, सांगते, असं होतं, आणि त्यांचा आवाज खाली खाली येत बंद झाला.

“वाचा ना भाऊजी,” मावशी म्हणाली.

बाबांनी वाचलं नाही. तिने हात पुढे करून अंक घेतला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. शेखरकाकांचा मजकूर दोन ओळींचा होता, नाव नव्हतं, पण सगळं होतं. मी तिच्या ओठांकडे बघत होते. वाचून झाल्यावर तिने अंकाची नीट घडी केली, टेबलावर ठेवली, आणि फोटो चांगला आलाय, असं म्हणाली. मग पेशींना खायला घालायचंय, त्यांना रविवार नसतो, येते मी, असं म्हणून पर्स घेऊन गेली. तिच्या बशीत पोहे तसेच होते, वर लिंबाची बी.

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “तुला हे कुणी सांगितलं?”

“तूच,” मी म्हणाले. “फोनवर बोलत होतीस.”

आई उठून बेडरूममध्ये गेली, लॅबला फोन लावत राहिली, कुणी उचलला नाही. एकदा दार उघडून म्हणाली, वैजूची गाडी आली की मला लगेच सांग. त्या दिवशी सांबारवडी झाली नाही. एक वाजता बाबा त्यांच्या कोपऱ्यात बसले, मी खिडकीजवळ, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता सामना बघायला लागलो. आज वाटतं, कसा बघितला. पण बघितला. आणि आमची टीम चांगली खेळत होती, सहाव्या इनिंगमध्ये दोन रनांनी पुढे.

त्याच सुमाराला करडी गाडी आली, नेहमीच्या जागी लागली. वायपर एकदा फिरून थांबला. मला आईला सांगायचं होतं. बेडरूमचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. पण उठायचं म्हणजे जागा सोडायची, आणि आम्ही पुढे होतो. शिवाय आईला सांगितलं तर आई मावशीला वर घेऊन येणार. मी सांगितलं नाही. सहावी गेली, सातवी गेली, आठवी गेली. मी टीव्हीकडे बघायचे, मग खाली गाडीच्या टपाकडे, मग परत टीव्हीकडे. मी या आयुष्यात इतरही वाईट गोष्टी केल्या असतील, पण त्या तीन इनिंग्ज मला सगळ्यांत जास्त छळतात, कारण फोनवर बोलताना विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येतं, आणि इथे मला जवळजवळ तास मिळाला होता.

नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात, समोरच्यांची शेवटची पाळी सुरू होताना, मी उठले. बाबांनी फक्त वर पाहिलं, अडवलं नाही. अनवाणीच जिना उतरून गेले. गाडीचं पलीकडचं दार उघडून आत बसले. आत लिंबाचा आणि हातमोज्यांचा वास होता. रेडिओ लागलेला, स्टीअरिंगवर वही. मावशीचे डोळे कोरडे होते, मात्र नाक लाल झालं होतं.

“मावशी, वर चल,” मी म्हणाले. “मी चुकले. आय एम सो सॉरी. तसलं काही नसतं, प्लीज चल ना.”

“नसतं हे मला माहितेय गं. मी सायन्स शिकलेय.” तिने रेडिओचा आवाज थोडा कमी केला. “पण समज मी आत्ता वर आले आणि टीम हरली. तू काही बोलणार नाहीस, आता तर मुळीच नाही. पण तुला आत कुठेतरी वाटेल. एवढंसं.” तिने अंगठा करंगळीच्या टोकाला लावून दाखवलं. “तेवढं मला नको आहे, रेवा. बाकी सगळं चालेल.”

त्या क्षणी मी ‘नाही वाटणार’ म्हणायला हवं होतं. नुसतं म्हणायचं होतं, खरं असायचीही गरज नव्हती. मी गप्प बसले, कारण रेडिओवर एक बॅटर बेसवर पोहोचला होता. मग दुसराही पोहोचला. आणि मग निवेदकाचा आवाज चढत गेला, लोकांचा गलका झाला, आणि समोरच्यांचा होमरन गेला, चेंडू थेट मैदानाबाहेर. तिघे घरी आले. दोनची आघाडी संपली, एका रनाने हरलो, मोसम संपला.

आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. मी तिचा हात धरून म्हणाले, “बघ, मावशी, तू वर नव्हतीस तरी टीम हरली. तुझ्यामुळे काही नव्हतंच.” ती माझ्याकडे बघून हसली, या वेळी तोंडावर हात न ठेवता, आणि वहीत लिहायला लागली. होमरन लिहिला, तीन रन लिहिले, सगळं ज्याच्या त्याच्या रकान्यात. तेव्हा मला पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना दिसला. सप्टेंबरातल्या सामन्यांसमोर बारीक अक्षरांत होतं, साडेपाचला मी आले, चार रन. प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यासमोर होतं, गाडीत, टीम जिंकली. महिनाभर ती आपल्यावरच प्रयोग करत होती, आणि प्रयोगाचा निकाल तिला दर वेळी तोच येत होता. आता तिने पेन थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवलं आणि नवव्या इनिंगसमोर लिहिलं: रेवा माझ्याजवळ आली.

मी वाचलं हे तिने पाहिलं. वही मिटून तिने पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, चल, ताई वाट बघत असेल. मी तिला मोकळी करायला म्हणून खाली आले होते, आणि तिच्या वहीत तिच्याविरुद्ध आणखी एक ओळ घालून वर गेले.

दुसऱ्या दिवशी त्या दैनिकात पराभवाची पानभर बातमी होती आणि खाली एक छोटी चौकट: बॉथेलची ती आंटी काल घरात तर गेली नव्हती ना? गमतीत लिहिलं होतं, शेवटी हसरा चेहरा छापला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचकाचं पत्र, पुढच्या वर्षी तिला समोरच्या टीमच्या गावाला पाठवा. मराठी मंडळातल्या लोकांचे फोन यायला लागले. काय वैद्य, मेव्हणीला वर घेतलंत की काय, असं एक काका म्हणाले आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर फोन आपटला. मंडळाच्या दिवाळीला मावशी आली नाही, सर्दी आहे म्हणाली. जानेवारीत तिने कॅलिफोर्नियात, सांता क्लारात नोकरी घेतली. जाताना तिने मला नेहमीसारखं जवळ घेतलं, चिडली असती तर सोपं गेलं असतं. सोफ्याच्या जागा बाबांनी नंतर कधी ठरवल्या नाहीत. पुढच्या मोसमात ते सामना मुद्दाम उभं राहून बघायचे, आणि थोड्याच वर्षांत आमच्या घरातला बेसबॉल संपला.

मावशी मला दर वाढदिवसाला फोन करते. आम्ही हसतो, भांडतो, रेसिपी विचारतो. त्या दिवसाबद्दल आम्ही एकदाही बोललेलो नाही. मी अनेकदा ठरवलं, पण बोलले तर ती माझी समजूत घालेल, आणि तेवढी किंमत तिने आणखी का मोजायची, असं स्वतःला सांगून मी गप्प राहते. तेही कदाचित भित्रेपणच असेल.

माझं लग्न बॉथेलच्याच एका हॉलमध्ये झालं. मावशी आदल्या दिवशी कॅलिफोर्नियाहून आली होती, मैत्रिणीकडे उतरली होती. सकाळी फोनवर म्हणाली, वेळेत पोहोचते. भटजींनी अंतरपाट धरायची तयारी केली, माझ्या हातात हार, आणि मी समोरच्या रांगांतून नजर फिरवली. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात माझी मैत्रीण मागून येऊन कानाशी म्हणाली, “अगं, तुझी मावशी खाली गाडीतच बसलीये, अर्धा तास झाला. बरं वाटत नाहीये का त्यांना? बोलावून आणू?”

हॉलच्या बाजूच्या काचेतून पार्किंग दिसत होतं. मुहूर्ताला चार मिनिटं होती. कुणालाही पाठवता आलं असतं, मला स्वतःला हार ठेवून जाता आलं असतं, नऊवारीत का होईना. मी तिशीला आलेली, शिकलेली बाई होते. आणि माझ्या आत कुठेतरी काहीतरी म्हणालं, पडू देत आधी अक्षता. मोठ्यांदा नाही. एवढंसं.

“राहू दे,” मी म्हणाले. “येईल ती.”

अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, पेढे फिरायला लागले. दहाएक मिनिटांनी हॉलच्या दारातून आवाज आला, आले गं मी. मोरपंखी साडी, केस विंचरलेले, हातात भेटीची पिशवी. तिने मला पोटाशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही.

“पार्किंगच मिळेना गं,” ती म्हणाली.

काचेपलीकडे पार्किंग निम्मं रिकामं होतं. मी म्हणाले, “हो ना मावशी, शनिवारी मिळतच नाही.”